पेन्सिलीचे ठिपके

वायरमनचा परवाना देणाऱ्या कचेरीत एकतीस वर्षं काढूनही दप्तरींना घरातला फ्यूज बदलता येत नसे. लोकांना या गोष्टीचं हसू येई. दप्तरींना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. परवाना लिहिणं वेगळं आणि वायर जोडणं वेगळं. घरातला दिवा गेला की ते मेणबत्ती लावत, तिच्यापासून बेताच्या अंतरावर खुर्ची घेत आणि मेहुण्याची वाट बघत. मेहुणा दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. तो यायचा, स्टुलावर चढायचा आणि खाली उतरेपर्यंत बोलत राहायचा.

"भाऊजी, तुमच्या कचेरीतल्या फायलींना कधी शॉक बसत नाही ना?"

"नाही," दप्तरी म्हणत.

"बरं आहे. नाहीतर तिथंही मलाच यावं लागलं असतं."

कचेरी एका फरशीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला होती. खाली फरशी कापायचं मशीन सुरू झालं की वरचं कपाट बारीक थरथरे, आणि दप्तरी बोलता बोलता त्याच्या दारावर एक हात ठेवत. कपाटात अकरा वह्या होत्या. आत एकूण एक हजार नऊशे चौदा वायरमन होते, आणि त्यांतले बहुतेक दप्तरींच्या अक्षरात. प्रत्येकाला एक ओळ. नाव, जन्मतारीख, लेखी परीक्षेचे गुण, आणि मग प्रात्यक्षिकाचा रकाना. त्या रकान्याच्या डोक्यावर छापलेलं होतं, 'दिवा लागला'. उमेदवाराने तासाभरात लाकडी फळीवर दोन बटणं, एक सॉकेट आणि एक दिवा जोडायचा. परीक्षक सगळं तपासायचे आणि शेवटी बटण दाबायचे. दिवा लागला की पास.

सह्या परीक्षकांच्या आणि साहेबांच्या. दप्तरींची सही त्या अकरा वह्यांत कुठेही नव्हती, आणि याचं त्यांना बरं वाटे. माणूस मुळातच भिडस्त. साहेबांच्या दारावर टकटक करण्याआधी ते तीनदा परत फिरत. चौथ्या वेळेपर्यंत बहुतेक साहेबच बाहेर येत.

एक दिवस वरून पत्र आलं. परवान्याच्या निळ्या पुस्तिका बंद. यापुढे परवाना माणसाच्या फोनमध्ये, ओळखीच्या पाकिटात. म्हणजे फोनमध्येच एक पाकीट असतं आणि त्यात आपले दाखले ठेवायचे. साहेबांनी चारही जणांना बोलावून ही बातमी सांगितली. शिपायाने विचारलं, "मग पुस्तिकांचं फडताळ रिकामं होईल का?" साहेब म्हणाले, होईल. शिपायाने त्याच दिवशी तिथे आपला डबा ठेवला. या योजनेचा हा पहिला लाभार्थी.

पुढच्या आठवड्यात कंपनीकडून एक इंजिनीअर मुलगी आली. तिला प्रात्यक्षिकाची खोली दिली. परीक्षा आता दुसरीकडे होत, पण टेबल जुनंच होतं, खिळ्यांच्या भोकांनी भरलेलं. त्यावर तिने लॅपटॉप मांडला आणि दप्तरींना समोर बसवलं.

"काका, सोपं आहे. आपण देणारे. वायरमन घेणारा. आणि कामाच्या ठिकाणी दारावर जो बघतो तो तपासणारा. आपण परवान्यावर सही करून तो त्याच्या फोनमध्ये टाकायचा. मग तो कुठेही दाखवेल. खरा की खोटा ते जागच्या जागी कळतं. तपासणाऱ्याला आपल्याला फोन करून विचारायची गरजच नाही."

"आत्ताही कुणी करत नाही," दप्तरी म्हणाले.

"कधीच नाही?"

"एकदा आला होता. तो खालच्या दुकानासाठी होता."

सही कोण करणार, असं त्यांनी चाचरत विचारलं. मुलीने अंगठ्याएवढी एक वस्तू दाखवली. ही सहीची चावी. लॅपटॉपला लावली की कचेरीची सही होते. ती साहेबांच्या कुलपात राहणार. दप्तरींनी आजवर सात साहेबांच्या सह्या पाहिल्या होत्या. त्यांतली एकही वाचता आली नव्हती, तेव्हा या बाबतीत फार काही बदलणार नाही असं त्यांना वाटलं.

मग तिने पडद्यावर परवाना दाखवला. मध्ये एक चौकोन, आणि त्यात काळे ठिपकेच ठिपके. दप्तरींनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"यातला एखादा ठिपका चुकला तर?"

"थोडे चुकले तरी चालतात, काका. ते सावरून घेतं."

ही गोष्ट दप्तरींच्या मनात बराच वेळ राहिली.

आधी एक नमुन्याचा परवाना काढून बघायचा होता. त्याला माणूस हवा होता आणि समोर दप्तरी होते. नमुन्यासाठी वेगळी चावी असते, पण ती अजून आली नव्हती, आणि साहेबांना दुपारच्या आत वर फोटो पाठवायचा होता. म्हणून खरीच चावी लावली. दप्तरींचा फोन खिशात थरथरला. साहेबांनी त्यांचा हात धरून फोन पुढे करायला लावला आणि फोटो काढला. दप्तरी वायरमन झाले होते. वर्ग पहिला.

संध्याकाळी ते घरी गेले तेव्हा ट्यूब फडफडत होती. त्यांनी ती बंद केली आणि मेहुण्याला फोन लावला.

वह्या भरून घ्यायला नऊ आठवडे लागले. दप्तरी वाचायचे, मुलगी टाइप करायची. संगणकावर 'दिवा लागला' या रकान्यात दोनच पर्याय होते, हो आणि नाही. रकाना मोकळा ठेवून पुढे जाता येत नव्हतं. तीन वह्या सुरळीत गेल्या. चौथ्या वहीत एका पानावर दप्तरी थांबले. खाली मशीन चालू नव्हतं, तरी त्यांनी कपाटावर हात ठेवला.

मुलीने वाकून पाहिलं. एकाखाली एक सात नावं होती आणि सातही जणांच्या 'दिवा लागला' रकान्यात पेन्सिलीचा एकेक ठिपका होता.

"काका, हे काय?"

"ठिपका."

"म्हणजे हो की नाही?"

"आपण पुढचं पान घेऊ," दप्तरी म्हणाले.

ती गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची. सात उमेदवार याच खोलीत प्रात्यक्षिकाला बसले होते. फळ्या तयार झाल्या. परीक्षक जाड भिंगांचे, सावकाश माणूस. त्यांनी प्रत्येक वायर बोटाने ओढून पाहिली, प्रत्येक स्क्रू फिरवून पाहिला आणि सातही वेळा म्हणाले, "वायरिंग बरोबर." मग बटण दाबलं. दिवा लागला नाही. दुसऱ्या फळीचं दाबलं. तोही नाही. सगळ्या भागाचीच वीज गेली होती. सात वायरमन, एक परीक्षक आणि वही घेतलेले दप्तरी दोन तास त्या खोलीत हाताची घडी घालून बसले. शेवटी परीक्षकांच्या गाडीची वेळ झाली.

"काम मी पाहिलं," ते म्हणाले. "दिवा मी पाहिला नाही. आणि जे पाहिलं नाही त्यावर मी सही करत नाही. पुढच्या आठवड्यात येतो. तोवर ठिपका देऊन ठेवा."

दप्तरींनी सात ठिपके दिले. पेन्सिलीने दिले, म्हणजे खोडता येतील. पुढच्या आठवड्यात परीक्षकांची बदली झाली. त्याआधीच दप्तरींनी साहेबांसाठी पास झालेल्यांची यादी केली होती आणि तिच्यात ही सात नावंही घातली होती, कारण पुढच्या आठवड्यात ठिपके खोडायचेच होते. साहेबांनी मान वर न करता यादीवर सही केली. सात निळ्या पुस्तिका निघाल्या. नवे परीक्षक तापट होते. दप्तरी त्यांच्या दारापर्यंत तीनदा गेले. ते परीक्षक बाहेर येणाऱ्यांतले नव्हते.

त्या सातांतला एक मात्र दर गुरुवारी कचेरीत यायचा. "पुस्तिका मिळाली, पण माझ्या ठिपक्याचं काय झालं?" दप्तरी म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात." एका गुरुवारी त्याला ताप आला म्हणून त्याने धाकट्या बहिणीला पाठवलं. ती बाकावर बसली आणि म्हणाली, "दादाचा ठिपका तुमच्याकडेच आहे का?" दप्तरी म्हणाले, "हो." पुढच्या गुरुवारी भाऊ ठणठणीत होता, तरी बहीणच आली. वर्षभरात दप्तरींचं लग्न झालं.

लग्नानंतर मेहुण्याने ठिपक्याबद्दल विचारणं सोडलं. त्याला वाटलं, आता घरचाच माणूस आहे, केव्हाच खोडला असेल. आणि दप्तरींना वाटलं, आता कुठल्या तोंडाने सांगायचं? सात नावं घेऊन परीक्षकांकडे जायचं आणि त्यांत एक बायकोचा भाऊ. लोक काय समजायचं ते समजतील. अशा रीतीने एकाच्या लाजेपायी बाकीचे सहाही अडकले. अडकले म्हणजे त्यांना काही कळलं नाही. ते शहरभर दिवे लावत राहिले. त्यांतले दोघे पुढे वारले, एक परगावी गेला, एकाने चष्म्याचं दुकान काढलं. उरले तिघे. एक पाण्याच्या पंपावर, एक नाटकाच्या थिएटरात, आणि एक मेहुणा.

मेहुणा आता पंचावन्नचा झाला होता. शिडीने त्याचे गुडघे खाल्ले होते. अशातच नव्या हॉस्पिटलच्या इमारतीत एक जागा निघाली. तळघरात भिंतभर पॅनेलं, आणि त्यांच्यासमोर खुर्ची. खुर्चीत बसून पॅनेलांवर लक्ष ठेवायचं, बिघडलं तर उठायचं. अट एकच, दहा वर्षं जुना परवाना हवा, आणि एक तारखेपासून दारावर फक्त फोनमधलाच परवाना चालेल. मेहुण्याने सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. खुर्चीसाठी उशीही घेऊन ठेवली होती.

सगळ्यांचे परवाने फोनमध्ये आले. मेहुण्याच्या फोनवर दोन आठवडे एकच ओळ होती, 'तुमची नोंद तपासणीत आहे.'

"भाऊजी, माझ्या हाताखाली शिकला त्याचं आलं. माझं कुठं अडलं?"

"येईल."

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात," दप्तरी म्हणाले.

मेहुणा त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिला. हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय असं त्याला वाटलं असावं.

शनिवारी तो दप्तरींना हॉस्पिटलच्या दारावर घेऊन गेला. कचेरीचा माणूस बरोबर असला म्हणजे बरं. दारावरच्या वॉचमनला नवं यंत्र मिळालं होतं आणि तो येईल त्याचा फोन तपासून बघत होता. त्याने मेहुण्याचा फोन यंत्रासमोर धरला. लाल दिवा लागला. 'परवाना नाही.'

"यंत्र बिघडलंय," मेहुणा म्हणाला. "ह्यांचा बघा बरं. ह्यांच्याही फोनमध्ये ते पाकीट आहे. ह्यांना घरातला फ्यूज बदलता येत नाही, म्हणजे ह्यांचाही लालच यायला पाहिजे. नाही आला तर यंत्र खोटं."

"नको," दप्तरी म्हणाले. पण मेहुण्याने त्यांच्या खिशातून फोन काढलाच.

हिरवा दिवा लागला. वॉचमन स्टुलावरून उठून उभा राहिला. "वर्ग पहिला. या साहेब, आत या. सहाव्या मजल्यावरचं बोर्ड कालपासून ठिणग्या टाकतंय."

"मी नमुना आहे," दप्तरी म्हणाले.

वॉचमनला ते कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच.

परतीच्या वाटेवर मेहुणा एक शब्द बोलला नाही. मेहुणा गप्प बसलेला दप्तरींनी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. घरी येताच तो बहिणीला म्हणाला, "अगं, तुझा नवरा वायरमन झालाय. वर्ग पहिला. मला आता बोलावू नका."

"हे?" बायको म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता तिने दोघांची तोंडं पाहिली आणि पदराने डोळे पुसले. "काय झालं?"

दप्तरी खुर्चीवर बसले. "दादा, तो ठिपका अजून आहे."

"कुठला ठिपका?"

"तोच."

"सव्वीस वर्षं?" बायको म्हणाली.

"पेन्सिलीचा होता. वाटलं, पुसट होत जाईल."

"झाला का?"

"नाही. पेन्सिल चांगली होती."

मेहुणा खिडकीत जाऊन उभा राहिला. "मी समजलो होतो, लग्नातच खोडला."

"तुमचं नाव त्यांत होतं म्हणूनच नाही खोडला."

"वा. म्हणजे परका असतो तर बरं झालं असतं." तो वळला. "जाऊ द्या. आता 'हो' टाका आणि मोकळे व्हा. सव्वीस वर्षांत दिवे लागलेच की. हा तुमच्या डोक्यावरचा कुणी लावला?"

"हा लागलाय, दादा. त्या दिवशीचा लागला नव्हता."

"आणि 'नाही' टाकलं तर?" बायकोने विचारलं.

"तर नापास."

"मग खरं काय झालं ते टाका."

"त्याला रकाना नाही."

"मग मागून घ्या. स्वतःच्या कचेरीत तुम्हाला एक रकाना मागता येत नसेल तर एकतीस वर्षं तिथं करत काय होतात?"

"ह्यांना मागता आलं असतं तर," मेहुणा म्हणाला.

"का? मला नाही मागितलं?"

"नाही. विचारलं मी होतं. हे फक्त 'हो' म्हणाले."

दप्तरींनी हे नाकारलं नाही.

सोमवारी त्यांनी साहेबांच्या दारावर पहिल्याच खेपेला टकटक केली. साहेब इतके दचकले की त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. इंजिनीअर मुलगी आतच होती. दप्तरींनी सगळं सांगितलं, वीज गेली तिथपासून लग्नापर्यंत. एवढं सलग बोलताना त्यांना कचेरीत कुणी ऐकलं नव्हतं. शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"अहो, मग पुन्हा परीक्षा घेऊ," साहेब म्हणाले. "तिघांना बोलवा. अर्ध्या तासात दिवे लागतील."

"मग परवाना आजच्या तारखेचा होईल," मुलगी म्हणाली. "अनुभव शून्य वर्षं."

"मग 'हो' टाका. कोण बघायला येणार आहे? ते परीक्षक आहेत का आता?"

"नाहीत."

"मग झालं तर."

"मी होतो तिथे," दप्तरी म्हणाले.

मुलीने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. "एक शेऱ्याचा रकाना घालता येईल," ती म्हणाली. "'हो'ही नाही, 'नाही'ही नाही, तिसरंच, 'शेरा पाहा'. पण काका, शेरा नुसता नाही घालता येत. कोण सांगतंय त्याचं नाव लागतं. ते परवान्यातच राहणार, आणि जिथे जिथे परवाना तपासतील तिथे तिथे दिसणार."

"नंतर खोडता येतं?"

"रद्द करता येतं. खोडता येत नाही."

"दप्तरी," साहेब म्हणाले, "तुमच्या निवृत्तीला वीस महिने राहिलेत. उद्या वरून विचारलं की ठिपका असताना नाव यादीत कसं गेलं, तर?"

"यादी मी केली होती. तसं सांगेन."

"आणि त्यात एक तुमचा मेहुणा."

"त्या दिवशी नव्हता. ठिपक्यानंतर झाला."

साहेबांनी कपाळ चोळलं. "मग तेही लिहा," ते म्हणाले आणि कुलपातली चावी काढून टेबलावर ठेवली.

शेरा लिहायला दप्तरींना सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत वेळ लागला. पहिला मसुदा दोन पानं झाला. मुलीने सांगितलं की रकान्यात एकशेवीस अक्षरं मावतात. दप्तरींनी तापट परीक्षक काढले, यादी काढली, दोन तास हाताची घडी घालून बसणं काढलं. शेवटी उरलं ते असं: 'वायरिंग बरोबर. वीज नव्हती, म्हणून दिवा पाहिला नाही.' आणि खाली त्यांचं नाव, हुद्दा. मेहुण्याच्या परवान्यात आणखी एक ओळ होती: 'साक्षीदार पुढे धारकाचा मेहुणा झाला.'

बाकीच्या दोघांना त्यांनी फोन केला. थिएटरवाला म्हणाला, "कसला ठिपका?" आणि समजावून सांगितल्यावर म्हणाला, "बरं." पंपावरच्याने मात्र मागे घरघरणारा पंप आधी बंद केला. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी पास नव्हतो?"

"वायरिंग बरोबर होतं," दप्तरी म्हणाले. "तसं लिहिलंय."

"ते मला माहीत होतं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

एक काम राहिलं होतं. दप्तरींना स्वतःचा परवाना रद्द करायचा होता. रद्द करण्याची कारणं तीनच होती: मृत्यू, गैरवर्तन, धारकाची विनंती. दप्तरींनी दुसऱ्या कारणाकडे जरा वेळ पाहिलं. मग तिसरं धरून कचेरीच्या नावे अर्ज लिहिला, आवक नोंदवहीत तो चढवला, त्याला क्रमांक दिला आणि तपासणीसाठी स्वतःच्याच टेबलावर ठेवला. एकतीस वर्षांत त्यांनी कचेरीकडे केलेला हा पहिला अर्ज. तो त्याच दिवशी मंजूर झाला.

एक तारखेला सकाळी मेहुणा काखेत उशी घेऊन हॉस्पिटलच्या दारावर गेला. दप्तरी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर होते. रांगेत दहा-बारा माणसं होती. वॉचमनने फोन यंत्रासमोर धरला. लाल नाही, हिरवाही नाही. पिवळा दिवा लागला. 'शेरा पाहा.'

वॉचमनला शिकवलं होतं ते असं की हिरवा आत, लाल बाहेर. पिवळ्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. त्याने शेरा मोठ्याने वाचला, एकेक शब्द सुटा करून. रांग ऐकत होती. "साक्षीदार पुढे धारकाचा मेहुणा झाला," हे वाचून त्याने मान वर केली. "कोण हे?"

"मी," दप्तरी म्हणाले.

"तुमचा फोन बघू." लाल दिवा लागला. "त्या दिवशी तुमचा हिरवा होता."

"मी अर्ज केला."

वॉचमनने थोडा विचार केला आणि तो प्रयत्न सोडून दिला. आतल्या मुख्य इंजिनीअरला फोन लावून त्याने शेरा पुन्हा वाचून दाखवला. मेहुणा उशी या काखेतून त्या काखेत घेत होता. दप्तरींना आपलं नाव इतक्या लोकांसमोर दोनदा वाचलेलं ऐकून घाम फुटला होता, पण ते जागचे हलले नाहीत.

"साहेब विचारतायत," वॉचमन फोनवर हात ठेवून दप्तरींना म्हणाला, "वायरिंग बरोबर होतं हे नक्की?"

"नक्की," दप्तरी म्हणाले. "मी परीक्षकांना तपासताना पाहिलं."

वॉचमनने ते सांगितलं, पलीकडचं ऐकलं आणि फोन ठेवला. "जा आत. तळमजल्याची वीज इथंही पहाटेपासून नाही. ते म्हणाले, आधी तेवढं बघायला सांग."

मेहुणा आत गेला. जाताना उशी दप्तरींच्या हातात देऊन गेला. दप्तरी दाराच्या कडेला उशी धरून उभे राहिले. त्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. वॉचमनने दोनदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग सवय झाल्यासारखं सोडून दिलं. पंचवीस मिनिटांनी वॉचमनच्या चौकीतला दिवा लागला. मग मागच्या व्हरांड्यातले ओळीने लागत गेले.

"लागला," वॉचमन म्हणाला.

"हो," दप्तरी म्हणाले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

दुपारी कचेरीत आल्यावर त्यांनी चौथी वही काढली. सातही ठिपके जागच्या जागी होते. त्यांनी खोडरबराला हात लावला नाही. एका ठिपक्याशेजारी शाईने बारीक अक्षरात लिहिलं, 'दिवा पाहिला', तारीख घातली, वेळ घातली आणि खाली सही केली. सही करायची सवय नव्हती म्हणून ती जरा मोठी झाली, आणि शेजारच्या रकान्यात गेली.

मग वही मिटून ते बसले. पंपावर जायला कुठली बस लागते ते शिपायाला विचारायचं त्यांनी ठरवलं. थिएटरचे खेळ किती वाजता असतात तेही.

चारच्या सुमारास मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, खुर्ची चांगली आहे. फिरते. पण तिला आधीपासूनच उशी आहे."

"मग ही?"

"राहू द्या तुम्हाला. तुम्हाला अजून वीस महिने बसायचंय ना?"

"बघू," दप्तरी म्हणाले. "वरून अजून पत्र आलेलं नाही."

त्यांनी फोन ठेवला आणि उशी खुर्चीवर घालून बघितली. खाली मशीन सुरू झालं, कपाट थरथरायला लागलं. दप्तरींनी हात पुढे केला, पण उशीमुळे ते जरा उंच बसले होते. हात कपाटाच्या दाराच्या वरच्या कडीपर्यंत पोचला.